अलेक्झांडर फ्लेमिंग

गडचिरोलीच्या जंगलातील एखाद्या गावात बाळाला खोकला होतो. मग ताप चढतो, धाप लागते, पोट उडू लागते. हा न्यूमोनिया. मुलांनो, शंभर वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या या रोगावर मोठ्या शहरांतील डॉक्टरांजवळही खात्रीचे औषध नव्हते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे ते लंडनला गेले व चार वर्षे जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे मिळाले, तेव्हा ते डॉक्टर होऊ शकले. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून मरणारे सैनिक त्यांनी पाहिले.

1928 च्या सप्टेंबरात ते सुट्टीहून प्रयोगशाळेत परतले. जंतू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी आली होती. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती निरखून पाहिली. बुरशीभोवतीचे जंतू विरघळले होते! बुरशीतून पाझरणाऱ्या या द्रव्याला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. जंतूंना मारणारे द्रव्य ते कित्येक वर्षे शोधतच होते.

पण ते शुद्ध करणे त्यांना जमले नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनी केले. 1941 मध्ये एका आजारी पोलिसाला औषध टोचले. तो सुधारू लागला, पण औषध संपले आणि तो दगावला. 1945 मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध अपुरे घेतले तर जंतू त्याला दाद देणार नाहीत, असे फ्लेमिंग यांनी तेव्हाच बजावले होते. आज तसेच घडत आहे.

11 मार्च 1955 रोजी ते वारले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. तरी गडचिरोलीच्या झोपडीत मूल औषधाविना मरतच होते. 1988 पासून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना व दायांना न्यूमोनिया ओळखून घरीच औषध द्यायला शिकवले. ते औषध पेनिसिलीन नव्हे, जंतूंवरचेच दुसरे होते. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी आला, की औषध सुरू.