मारियाबाई मायर

आपल्या कल्हईच्या कथिलाला अणुशास्त्रात मोठा मान आहे, हे भगिनींना ठाऊक नसेल. त्याचे कारण ज्यांनी उलगडले त्या मारियाबाई मायर यांची हकीकत मी येथे थोडक्यात देत आहे.

त्यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोविट्झ येथे झाला. ते गाव तेव्हा जर्मनीत होते, आता पोलंडात आहे. वडील मुलांचे डॉक्टर व प्राध्यापक. मुलीने नुसते घर सांभाळू नये अशी त्यांचीच इच्छा. १९३० साली बाईंनी गटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी जोसेफ मायर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी लग्न करून त्या अमेरिकेस गेल्या.

तेथे नवरा प्राध्यापक असेल त्या विद्यापीठात बायकोला नोकरी देत नसत. बाल्टिमोर, न्यूयॉर्क, शिकागो. गावे बदलली, दोन मुले झाली, बाई शिकवीत राहिल्या, पण बहुतेक बिनपगारी. आपल्या पेठेतही दुकानाचे हिशोब सुनेने लिहायचे आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे, हे आपण पाहतोच! पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली ती १९६० साली, सॅन डिएगोला.

आता त्यांचे काम. अणूच्या गर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असे कण असतात. त्यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ भरली की तो गर्भ विशेष टिकाऊ होतो. कथिलात प्रोटॉन ५०, म्हणून त्याचे टिकाऊ प्रकार तब्बल दहा. इतके दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. हे असे का, ते कोणास सांगता येईना. फर्मी यांनी बोलता बोलता एक प्रश्न टाकला आणि बाईंना उत्तर सुचले. त्या तिकडच्या जोडनाचाचा दाखला देत. मी फुगडीचा देते. अनेक जोड्या अंगणाला फेरी घालीत आहेत आणि फुगडीही खेळत आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक जोडी म्हणजे एक कण. फेरीच्या दिशेनेच गिरकी घेतली तर श्रम कमी, उलट घेतली तर जास्त. या फरकातून ते आकडे बरोबर निघाले.

१९४९ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जर्मनीत येन्सन यांनाही तेच सुचले होते. भांडणाऐवजी दोघांनी १९५५ साली मिळून ग्रंथ लिहिला, हे मला शोधाइतकेच मोठे वाटते.

पुढे अणुगर्भ जोराने फिरवून पाहण्याचे शास्त्र वाढले. दोन अणुगर्भ वेगाने आदळून एक झाले की ते भोवऱ्यासारखे गरगरतात आणि गॅमा किरण टाकीत मंदावतात. लांबट गर्भ सबंध फिरतो. वाटोळ्या गर्भात मात्र आतले कणच ते फिरणे वाटून घेतात, आणि तेथे बाईंची मांडणी लागते. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पेलेट्रॉन यंत्रावर असे प्रयोग झाले आहेत.

सॅन डिएगोला जाताच बाईंना पक्षाघाताचा झटका आला, तरी काम सोडले नाही. १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञानात मेरी क्यूरी यांच्यानंतर ते मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री. तिसरीला २०१८ उजाडले. गावच्या वर्तमानपत्राने मथळ्यात त्यांचे नाव न देता गावातील एक आई म्हणूनच उल्लेख केला. २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्या निवर्तल्या.