दोन चटयांची चहाखोली बांधणाऱ्या सेन नो रिक्यूला जीव का गमवावा लागला?

जपानी घरांच्या साधेपणाचा विषय निघाला की सेन नो रिक्यूचं नाव येतंच. १५२२ मध्ये साकाई बंदरात, व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला रिक्यू पुढे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीचा चहागुरू झाला.

हिदेयोशीने सोन्याची चहाखोली बनवून घेतली. रिक्यूची आवड नेमकी उलटी. मातीच्या भिंती, मंद उजेड आणि जागा दोन तातामी चटयांची. क्योतोजवळची ‘ताइआन’ ही त्याची मानली जाणारी चहाखोली आजही उभी आहे. दार जेमतेम अडीच फुटांचं. सरदार असो की व्यापारी, वाकूनच आत यायचं. तलवार बाहेर.

१५९१ मध्ये हिदेयोशीने त्याला पोट चिरून मरायचा हुकूम दिला. मंदिराच्या वेशीवर बसवलेला रिक्यूचा पुतळा हे एक कारण सांगतात, पण इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही.

रिक्यूच्या वंशजांची तीन घराणी आजही चहाची परंपरा चालवतात.