९८ सामने आणि एक गुडघा

५ जून १९५४. मेलबर्नच्या ‘विंडी हिल’ मैदानावर एसेंडन आणि नॉर्थ मेलबर्न या संघांचा सामना सुरू होता. एसेंडनचा जॉन कोलमन तेव्हा २५ वर्षांचा होता आणि ऐन भरात होता. आदल्याच आठवड्यात त्याने फिट्झरॉय संघाविरुद्ध एकट्याने १४ गोल केले होते. या सामन्यात मात्र त्याचा गुडघा निखळला आणि त्याला मैदान सोडावे लागले. तो पुन्हा खेळेल, ही आशा त्यानंतर बराच काळ एसेंडनच्या चाहत्यांना लागून राहिली होती.

कोलमनचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील पोर्ट फेअरी या किनाऱ्यावरच्या गावी झाला. त्याचा खेळ ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल’ आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा बराच वेगळा आहे. लंबवर्तुळाकार मैदान, दोन्ही बाजूंना १८-१८ खेळाडू आणि हातापायांनी खेळायचा लांबट चेंडू. सहकाऱ्याने दुरून मारलेला चेंडू हवेतच पकडला की खेळाडूला निर्वेधपणे किक मारण्याची संधी मिळते. त्यामुळे उंच उडीला इथे फार मोल. कोलमनची उडी तर अशी, की प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यांवरून तो चेंडू टिपून घेई.

१९४९ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने हॉथॉर्नविरुद्ध १२ गोल केले. त्याच हंगामात कार्लटनविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोलांचे शतक गाठले. पुढच्या वर्षी १२० गोल झाले. दोन्ही वर्षी विजेतेपद एसेंडनकडेच गेले. सहा हंगामांत ९८ सामने आणि ५३७ गोल, म्हणजे सामन्यामागे सरासरी साडेपाच. ९९ वा सामना मात्र कधी झालाच नाही.

गुडघा निखळणे म्हणजे नेमके काय? मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे खोल खोबण नसते. खुब्यातला गोळा वाटीत बसावा तसा हा सांधा बसलेला नसतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध म्हणजे लिगामेंट आणि भोवतीचे स्नायू. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. त्या धक्के शोषतात. नुसती गुडघ्याची वाटी सरकणे वेगळे आणि सांधाच निखळणे वेगळे. सांधा निखळतो तेव्हा बहुधा एकाहून अधिक लिगामेंट फाटतात. गुडघ्याच्या मागून पायाकडे जाणारी मुख्य धमनी आणि शेजारची नसही दुखावू शकते. म्हणूनच हाड आपोआप जागेवर बसल्यासारखे वाटले, तरी पायाचा रक्तप्रवाह तातडीने तपासावा लागतो. त्यात उशीर झाला तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

कोलमनवर शस्त्रक्रिया झाल्या. त्याने पुन्हा सराव करून पाहिला. वय त्याच्या बाजूने होते आणि जिद्दही कमी नव्हती. पण उडी मारणे वेगळे आणि त्या उडीतून खाली येणे वेगळे. जमिनीवर उतरताना, विशेषतः एका पायावर, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभर गुडघ्यावर येतो. तिथेच वळायचे असेल तर हाडे एकमेकांवरून सरकू पाहतात. तेव्हा लिगामेंट ढिले असेल तर गुडघा दगा देतो. जी झेप कोलमनची ओळख होती, तीच या गुडघ्याला पेलणारी नव्हती. अखेर पुनरागमनाची आशा मावळली.

त्या काळच्या वैद्यकाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. एमआरआय नव्हते, त्यामुळे आत नेमके काय फाटले आहे हे सांधा उघडल्याशिवाय कळणे कठीण होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळायला अजून बराच अवकाश होता. फाटलेली कूर्चा अनेकदा पूर्णच काढून टाकली जाई आणि पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्याने मांडीचे स्नायू रोडावत. आज शरीरातलाच स्नायूबंध घेऊन नवे लिगामेंट बसवता येते, कूर्चा शक्य तितकी वाचवली जाते आणि व्यायाम लवकर सुरू होतो. तरीही बसवलेला स्नायूबंध तिथे रुजायला अनेक महिने लागतात. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतण्याची घाई करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. दुखणे थांबले म्हणजे गुडघा तयार झाला, असे नाही. दोन्ही पायांची ताकद, उडी आणि तोल जवळपास सारखे झाले आहेत का, हे तपासूनच परवानगी दिली जाते. अनेक लिगामेंट फाटलेल्या गुडघ्याबाबत तर आजही पूर्ववत खेळाची हमी देता येत नाही.

कोलमन मैदानावर परतला, पण प्रशिक्षक म्हणून. १९६१ ते १९६७ या काळात त्याने एसेंडनला घडवले आणि १९६२ व १९६५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. त्याचे आयुष्यही खेळासारखेच अल्प ठरले. ५ एप्रिल १९७३ रोजी ड्रोमाना येथे हृदयाच्या धमन्यांच्या विकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा तो अवघा ४४ वर्षांचा होता. साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला आजही दरवर्षी ‘कोलमन पदक’ दिले जाते.

कबड्डीच्या पकडीत किंवा क्रिकेट खेळताना गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांतच सूज चढली, गुडघा अडकू लागला किंवा चालताना सटकू लागला, तर मालिश करून पुन्हा मैदानात उतरू नये. पाऊल गार वा बधिर पडले तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. कोलमनकडे प्रतिभा होती, जिद्द होती; नव्हते ते आजचे उपचार. ते हाताशी असताना घाईपायी गुडघा गमावणे परवडणारे नाही.