केरूनाना: सूर्य, घड्याळ आणि पंचांग

बारामतीतल्या तुमच्या कॉलेजच्या मैदानात एक सरळ काठी रोवा आणि दुपारी तिच्या सावलीवर नजर ठेवा. सावली सगळ्यात आखूड कधी होते? बाराला म्हणालात तर चुकलात. तेव्हा मोबाइलमध्ये साधारण साडेबारा वाजलेले असतात, ऋतूप्रमाणे पाव तास मागेपुढे. हाच प्रयोग त्याच दिवशी इंदापूरच्या मित्राला करायला सांगा. त्याची सावली तुमच्याआधी जवळपास दोन मिनिटं आखूड होईल! पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि इंदापूर बारामतीच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून जरासं कमी आहे, म्हणून.

आपण जी प्रमाणवेळ पाळतो ती १९०६ पासूनची. त्याआधी गावागावाची दुपार वेगळी असायची. त्याही आधीच्या काळात सूर्य, घड्याळ आणि पंचांग यांचा मेळ घालत बसलेला एक मराठी मास्तर होता, केरो लक्ष्मण छत्रे. सगळे त्यांना केरूनाना म्हणत. टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण ती ओळख अर्धीच आहे.

अलिबागजवळच्या नागावात १६ मे १८२५ रोजी त्यांचा जन्म झाला. शिकायला मुंबईला आले आणि पंधराव्या वर्षी, म्हणजे आज आपण दहावीच्या क्लासला जातो त्या वयात, कुलाब्याच्या वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरीला लागले. पगार महिना पन्नास रुपये.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली होती. ताऱ्यांच्या हौसेपेक्षा जहाजांच्या गरजेपोटी. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे खलाशाला घड्याळावरून कळायचं, आणि ते घड्याळ बंदरात असताना बरोबर लावून घ्यावं लागायचं. चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तापाशी जवळजवळ दोन किलोमीटरची चूक. अंधारात खडक असेल तर एवढी पुरते.

आता यात उष्णता कुठून आली? लंबकाच्या घड्याळातून. लोखंडी दांडी तापली की लांबते. लांब लंबक सावकाश झुलतो आणि घड्याळ मागे पडतं. हवा दहा अंश सेल्सिअसने तापली तर साध्या लोखंडी लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे जातं. म्हणजे ज्याला वेळ नीट सांभाळायची त्याला तापमापकही नीट वाचावा लागतो. शाळेत उष्णता, गती आणि काळ हे तीन वेगळे धडे म्हणून आपण पाठ केले (आणि परीक्षेनंतर विसरलोही), पण वेधशाळेत ते एकाच टेबलावर असतात.

कुलाब्यात केरूनानांनी सुमारे दहा वर्षं काढली. मग पुण्यात आले, शिकवायला लागले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली, तीही मराठीत. विज्ञान मराठीत शिकवायचं म्हणजे शब्दांपासून सुरुवात, अशी तेव्हाची परिस्थिती. हे काम फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ही मला तरी खटकणारी गोष्ट आहे.

त्यांनी खरा वाद ओढवून घेतला तो पंचांगाचा. जुन्या सूर्यसिद्धान्तातलं वर्ष ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. साडेतीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, नाही का? पण हजार वर्षं साठू द्या, दोन दिवसांहून जास्त फरक पडतो. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह एकाच जागी सापडेनासे होतात. केरूनानांनी युरोपातल्या नव्या वेधांच्या आधारे १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ काढला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साथीने नव्या गणिताचं पंचांग छापायला सुरुवात केली. त्याला नाव दिलं पटवर्धनी पंचांग, स्वतःचं नाही.

राशिचक्राची सुरुवात त्यांनी रेवतीतल्या एका ठरावीक ताऱ्यापासून धरली. इथेच गाडी अडली. या हिशेबाने संक्रांत नेहमीपेक्षा तीन-चार दिवस आधी येते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक महिना, त्यामुळे संक्रांत हलली की कधीकधी अधिक महिनाही बदलतो. आणि अधिक महिना बदलला की त्या वर्षीची दिवाळी थेट महिनाभर इकडची तिकडे! आता तुम्हीच सांगा, शेजारच्या घरी कंदील लागलेत आणि आपल्या घरी दिवाळीला अजून महिना आहे, हे कुणाला चालेल? लोकांनी जुनं पंचांगच धरून ठेवलं. गणित बरोबर असणं आणि ते चारचौघांत चालणं यांत केवढं अंतर असतं, ते केरूनानांना पुण्यातच दिसलं. तरी पंचांग त्यांनी सोडलं नाही.

१८७७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी वारले. डेक्कन कॉलेजात त्यांच्याकडे गणित शिकलेल्या टिळकांनी पुढे हा प्रश्न हाती घेतला, पंचांग सुधारण्यासाठी परिषदा झाल्या, आणि रेवतीच्या ताऱ्यापासून मोजणारं ते पंचांग टिळक पंचांग या नावाने चालू राहिलं. आजही काही घरांत तेच लावतात. तुमच्या वर्गातलं कुणी १० जानेवारीच्या सुमाराला तिळगूळ घेऊन आलं, तर त्याच्या घरी भिंतीवर कोणतं पंचांग आहे ते विचारा.