डेनिस रिची आणि प्रामाणिक नकार

आज बालाघाटच्या बाजारात भाजीवालाही मोबाईलवर पैसे घेतो. त्या मोबाईलच्या आतील यंत्रणेचा पाया ज्या मोजक्या माणसांनी घातला, त्यांत डेनिस रिची यांचे स्थान फार वरचे आहे.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉंक्सव्हिल येथे झाला. त्यांचे वडील बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन-संशोधन संस्थेत काम करीत. हार्वर्ड विद्यापीठात रिची यांनी प्रथम पदार्थविज्ञान व पुढे गणित हा विषय घेतला. १९६८ मध्ये प्रबंध लिहून झाला, पण पीएच.डी. पदवी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. १९६७ मध्येच ते वडिलांच्या संस्थेत रुजू झाले होते. तेथे १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स ही संगणक-प्रणाली सुरू केली आणि रिची त्यांचे सहकारी झाले. १९७२ च्या सुमारास रिची यांनी सी भाषा घडविली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, या भाषेत नव्याने लिहिला गेला.

कर्नल म्हणजे बँकेचा काउंटर समजा. प्रोग्रामला थेट तिजोरीत हात घालता येत नाही. हव्या त्या सेवेचा क्रमांक सांगून मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत अशा सेवांचा तक्ता ६४ जागांचा होता व त्यांतील कित्येक रिकाम्या होत्या. रिकाम्या जागेचा क्रमांक कोणी मागितला, तर काय करावे? काम झाले असे सांगून वेळ मारून न्यावी का? थॉम्प्सन व रिची यांनी तसे केले नाही. ही सेवा येथे नाही, असा इशारा कर्नल देई. प्रोग्रामने त्याची आधी तजवीज केली नसेल, तर तो तेथेच बंद पडे.

हे कडक वाटेल. पण नोंद झालेली नसताना झाली म्हटले, तर वही कोरी राहते आणि व्यवहार पुढे चालू राहतो. चूक कळते ती ताळेबंद जुळेना तेव्हा!

पुढे ही पद्धत सौम्य झाली. १९९१ साली सुरू झालेल्या व आज अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्ये कर्नल अशा वेळी ठरावीक त्रुटी-क्रमांक परत देतो. तो पाहून प्रोग्राम जुन्या मार्गाने काम करून घेऊ शकतो. मात्र कारण खरे हवे. चेक न वटता परत आला, की बँक कारणाची चिठ्ठी जोडते; शिल्लक अपुरी असणे आणि सही न जुळणे यांचे उपाय निराळे. तसेच, सेवाच नसताना परवानगी नाही असे सांगितले, तर प्रोग्राम दुसरा मार्ग शोधण्याऐवजी हात टेकतो.

१९८३ मध्ये रिची व थॉम्प्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. आठवड्यापूर्वीच स्टीव्ह जॉब्स वारले होते. त्या गदारोळात रिची यांच्या निधनाची बातमी मागे पडली.

उद्या आपल्यापैकी अनेकजण काउंटरच्या पलीकडे बसतील. नाही म्हणण्याची वेळ आली, तर ते वेळेवर व खऱ्या कारणासह सांगावे, एवढे तरी या अबोल माणसाच्या कामातून आपण घ्यावे.