पंडिता रमाबाई आणि विश्वासणाऱ्यांचे मरण



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यात प्रेतसंस्काराकरिता जाण्याचा प्रसंग आला. मृत गृहस्थ त्या मंडळीचे जुने वडील होते. त्यांच्यासाठी सात दिवस उपास व प्रार्थना झाली होती, तरी ते वाचले नाहीत. मूठमाती देऊन परत येताना त्यांच्या पत्नीने मला एकीकडे बोलावून विचारले की, आमचा विश्वास कोठे कमी पडला? प्रार्थनेस आलेल्या कोणी मनुष्याने तिला सांगितले होते की, घरात पवित्र आत्म्याचे पूर्ण सामर्थ्य असते तर मरणाने उंबरठा ओलांडलाच नसता. मी तिचे समाधान करण्याचा यत्न केला, परंतु माझे उत्तर अपुरे होते हे मला तेव्हाच कळले. म्हणून त्या बहिणीकरिता, व तिच्यासारखा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या सर्वांकरिता, पंडिता रमाबाईंचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो. आपल्या महाराष्ट्रात आत्म्याचा अग्नी ज्यांच्या अंगणात प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रगट झाला त्याच या बाई. आणि मरण ज्यांच्या घरी पुनःपुन्हा आले त्याही याच.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून मोठे विद्वान होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा त्या काळचा निर्बंध असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती विद्या शिकविली आणि त्यामुळे पंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. पुढे वर्षानुवर्षे हे लोक गावोगाव फिरून पुराणे सांगत व त्यावर निर्वाह करीत. वाटेतच मातोश्रींनी मुलीस संस्कृत पढविले.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होते नव्हते ते सर्व संपले. मोलमजुरी करण्याची सवय नाही व भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत या कुटुंबाने झाडांची पाने खाऊन दिवस काढले. शेवटी अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. परंतु पुत्र श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन असे सांगून त्यांस परावृत्त केले. तरी थोड्याच दिवसांत, इ.स. १८७४ मध्ये, ते वारले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या कन्येस जवळ घेऊन तिला देवाच्या हवाली केले. संन्यास घेतल्यामुळे त्यांचे शव पुरावयाचे होते, पण न्यावयास कोणी आले नाही. तेव्हा श्रीनिवासाने ते धोतरात गाठोड्यासारखे बांधून एकट्याने वाहून नेले.

त्यामागून मातोश्री गेल्या. आईच्या तोंडी घालण्यास भाकरीचा तुकडा मागावा म्हणून रमाबाई शेजारच्या बाईच्या दारी उभ्या राहिल्या, परंतु शब्द घशातच राहिला. त्या बाईने समजून उमजून भाकरी दिली; तोवर आईला ती खाता येईना. तिची तिरडी उचलण्यास चार माणसे जमेनात. दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंचीने लहान असल्यामुळे तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला. काही महिन्यांत थोरली बहीणही पटकीने मरण पावली.

वाचकहो, हा प्रसंग ध्यानात ठेवा. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्याचे मूळ त्या तिरडीखाली आहे, असे मला वाटते.

उरलेली बहीणभावंडे देशभर पायी हिंडत इ.स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांच्या सभेने रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु इ.स. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास ढाक्का येथे निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन न मानता, त्यांचा विवाह झाला. आसामातील सिलचर येथे त्यांनी संसार थाटला. तेथेच पतीच्या ग्रंथसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांच्या हाती लागले. विवाहास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने वारले. कडेवर मनोरमा नावाची दहा महिन्यांची कन्या उरली. तेवीस वर्षांच्या वयात बाईंनी पाच आप्तांचे मरण पाहिले होते.

त्यानंतर बाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. इ.स. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात वाँटेज येथील धर्मभगिनींकडे गेल्या व ता. २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी पाहून आणि प्रभूने शोमरोनी स्त्रीशी केलेले संभाषण वाचून त्यांचे मन वळले होते. तथापि जे सांगितले जाईल ते निमूटपणे मानण्याचा बाईंचा स्वभाव नव्हता. त्रैक्य, चर्चचा अधिकार इत्यादी विषयांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून मोठा वाद केला. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, बोस्टन येथे साहाय्यक मंडळ उभे केले आणि ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे मुली ख्रिस्ती होतील या भयाने इ.स. १८९३ मध्ये बराच गवगवा झाला व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

याच काळातील एक गोष्ट आपल्या मंडळ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. बाप्तिस्मा होऊन सुमारे आठ वर्षे लोटल्यावर बाईंना उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त तो अद्याप मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत उघडपणे लिहून ठेवले. एवढी विद्वान व जगप्रसिद्ध बाई असे कबूल करिते. आणि आपण मात्र नोंदवहीत नाव आहे एवढ्यावर निश्चिंत असतो!

इ.स. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ते वर्तमान कानी येताच बाईंना आपल्या तारुण्यातील दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या व निराश्रित मुली गोळा करून आणू लागल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी शेतीकरिता जमीन घेतली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. इ.स. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या. कित्येक इतक्या क्षीण झालेल्या असत की, येऊन थोड्याच दिवसांत मरत. परंतु त्या रस्त्यावर मेल्या नाहीत. कोणाच्या तरी मांडीवर डोके ठेवून मेल्या. पतितांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी बार्तिमय सदन अशी निरनिराळी घरे झाली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, छापखाना हे उद्योग मुली शिकल्या.

आता त्या जागृतीविषयी. वेल्स देशात इ.स. १९०४ मध्ये झालेल्या जागृतीची बातमी आल्यावर बाईंनी इ.स. १९०५ च्या आरंभी प्रार्थनेसाठी एक लहान मंडळ जमविले. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत रोज दोन वेळा साडेपाचशे जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीवर जणू अग्नी उतरलेला पाहून दुसरी बादलीभर पाणी आणावयास धावली, असे बाईंच्या सहकारिणी मिनी एब्रम्स यांनी लिहिले आहे. ता. ३० जून रोजी बाई योहानाच्या शुभवर्तमानावर शिकवीत असताना सर्व सभा रडू लागली. मुलींनी पापे पदरी घेतली, चोरलेल्या वस्तू परत केल्या, एकमेकींची क्षमा मागितली. आणि नंतर पाळीपाळीने टोळ्या करून त्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जाऊ लागल्या. अमेरिकेतील लॉस एंजेलिसची प्रख्यात जागृती इ.स. १९०६ च्या एप्रिलात सुरू झाली. म्हणजे केडगावचा अग्नी तिच्या आधीचा होय. पुढे मुक्तीतील काही जणी अन्य भाषांतही बोलल्या. मिनी एब्रम्स यांचे या विषयावरील पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वालपारायझो येथे मिशनरी हूव्हर दांपत्याच्या हाती पडले, आणि इ.स. १९०९ मध्ये तेथील मंडळीत जी जागृती झाली तिला त्या पुस्तकाची प्रेरणा होती. केडगावच्या माळावरील ठिणगी इतकी दूर गेली.

इकडे टीकाही पुष्कळ झाली. एवढा गलका, एवढे रडणे देवाच्या घरात शोभत नाही, असे काही मिशनऱ्यांस वाटले. बाईंना स्वतःला तरुणपणापासून ऐकू कमी येत असे. तो आक्रोश त्या डोळ्यांनीच अधिक पाहात असतील. त्यांनी मुलींना गप्प बसविले नाही. हिंदी लोकांच्या अंतःकरणात आत्मा आपल्या रीतीने कार्य करितो, त्यास परदेशी शिष्टाचाराचे माप लावू नये, असे त्यांचे मत होते. परंतु दुसऱ्या बाजूसही त्यांनी मर्यादा घातली. अन्य भाषा बोलणे हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव चिन्ह, हे त्यांनी मानले नाही. कृपादाने टाकून देऊ नयेत, पण ज्यावाचून चालावयाचे नाही असे चिन्ह म्हणजे दैवी प्रीती, असे त्यांनी इ.स. १९०७ मध्ये लिहिले. मंडळीत ज्याचा आवाज मोठा त्याचा विश्वास मोठा, असे समजणाऱ्यांनी, आणि जेथे आवाज होतो तेथे देव नाही असे समजणाऱ्यांनीही, यावर विचार करावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ज्या बाईच्या आश्रमात हे सर्व घडले तिच्या घरातून मरण दूर राहिले काय? नाही. मनोरमाबाई परदेशी शिकून परत आल्या, आईचा उजवा हात झाल्या; मुक्तीचा भार पुढे त्यांनीच वाहावा अशी योजना होती. त्या ता. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाल्या. शेकडो मुली ज्या घरी रात्रंदिवस प्रार्थना करीत त्या घरची ही एकुलती एक कन्या. येथे विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? प्रार्थना कमी पडली असे कोणाच्या जिभेला म्हणवेल?

बाईंनी काय केले ते पाहा. त्यांनी देवाशी हिशेब मांडला नाही. संस्थेची जबाबदारी मिस लिसा हेस्टी यांच्याकडे जाईल अशी व्यवस्था केली आणि हाती असलेले काम पुढे चालविले. ते काम म्हणजे पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात इब्री व ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही वाचून समजावे हा त्यांचा हेतू होता. ज्यांना एके काळी पंडिता ही पदवी मिळाली त्यांनी आपले पांडित्य असे खाली वाकविले. छपाईचे काम मुक्तीच्याच मुली करीत. प्रकृती ढासळली असताही बाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस उरले असता, केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल इ.स. १९२४ मध्ये छापून बाहेर आले.

ज्या मुलीला आईच्या तिरडीसाठी चौथा खांदा मिळाला नव्हता, तिच्यासाठी त्या दिवशी मुक्तीत शेकडो मुली आई गेली म्हणून रडल्या. त्यांत ब्राह्मण कुळातल्या होत्या, हीन मानलेल्या जातींतल्या होत्या, आंधळ्या होत्या, समाजाने टाकलेल्या होत्या. माझ्या अल्प मतीप्रमाणे पवित्र आत्म्याने केडगावी केलेला सर्वांत मोठा चमत्कार तो हाच. त्याने मरण थांबविले नाही. मरणाऱ्याला एकटे न सोडणारे लोक निर्माण केले. अशा लोकांनाच मंडळी म्हणतात.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. करावी, आणि मनापासून करावी. देव बरे करितो हे आपण अनेकदा पाहिले आहे. परंतु तो बरे करीत नाही तेव्हा शोकात बसलेल्या घरी जाऊन विश्वासाचे वजनमाप काढू नये. त्या घरी पाणी भरून द्यावे, चूल पेटवून द्यावी, खड्डा खणावयास फावडे घेऊन जावे, आणि तिरडीला खांदा द्यावा. खांदा पुरत नसेल तर त्या मुलीप्रमाणे डोक्यावर भार घ्यावा.

आणि त्या खेड्यातील बहिणीस, जिला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, एवढेच कळवितो की, बाई, तुमचा विश्वास कमी पडला नाही. तुमच्या पतीच्या उशाशी तुम्ही सात रात्री जागलात, तोच तुमचा विश्वास होता, आणि तो प्रभूने पाहिला आहे. जो स्वतः मरणातून गेला व मरणावर जय पावला, तो आपणा सर्वांस जगताना एकमेकांचा आधार आणि मरताना त्याचा हात देवो. आमेन.