कॉलिन चॅपमन

वसईच्या समुद्रकिनारी बळकटपणाची दोन रूपे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. एक म्हणजे किल्ल्याचा तट. पोर्तुगिजांनी बांधलेल्या या तटाचे बळ त्याच्या दगडांच्या जाडीत आणि वजनात आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याला तो जिंकण्यासाठी केवढे कष्ट पडले, हे आपण इतिहासात वाचतो. दुसरे रूप म्हणजे पाचूबंदरच्या कोळ्यांची लाकडी होडी. तिच्या फळ्या पातळ असतात. परंतु आतून बरगड्यांसारखी बाकदार लाकडे बसविलेली असल्यामुळे ती लाटांचे तडाखे सोसते. तटाला जागचे हलायचे नसते, म्हणून तो जड असला तरी चालतो. होडीला मात्र चालायचे असते. मोटारही चालणारी वस्तू आहे. तेव्हा ती तटासारखी न बांधता होडीसारखी हलकी व तरीही बळकट बांधावी, हा ध्यास घेतलेला एक इंग्रज अभियंता विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळ रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात एक हॉटेल चालवीत असत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात चॅपमन यांनी इमारती व पूल बांधण्याच्या शास्त्राचा अभ्यास केला आणि तेथील वैमानिक पथकात विमान चालविण्याचे शिक्षणही घेतले. पुलावरचा भार कोठून कोठे जातो, आणि विमान हलके असूनही मोडत का नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना अशा रीतीने एकाच वेळी समजल्या. शिकत असतानाच ते एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. परंतु युद्धानंतरचे ते दिवस टंचाईचे होते. १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींना मिळणारे पेट्रोल बंद केले. मोटारींच्या किमती कोसळल्या, धंदा बुडाला, आणि चॅपमन यांच्यापाशी एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली.

त्या गाडीतून शर्यतीची मोटार करावयाची असे त्यांनी ठरविले. कारखाना नव्हता, मोठी यंत्रे नव्हती. हेझल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीच्या घरामागे मोटार ठेवण्याची एक लहानशी खोली होती. तीच त्यांची कर्मशाळा झाली. हेझलही त्यांच्या बरोबरीने कामाला लागल्या. पुढे १९५४ साली या दोघांचा विवाह झाला.

ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा, ज्याला आपले कारागीर चॅसी म्हणतात, तो पन्हळीसारख्या उघड्या लोखंडी पट्ट्यांचा होता. अशी पन्हळ वाकविणे कठीण, पण पिळणे सोपे. काड्यापेटीचे आतले उघडे खोके दोन्ही हातांनी पिळून पाहा. ते लगेच वाकडे होते. तेच आपल्या वेष्टनात सरकवून पिळू लागा, म्हणजे ते मुळीच दाद देत नाही. चॅपमन यांनी हेच केले. पन्हळीच्या उघड्या बाजूवर पत्रा जोडून त्यांनी तिची बंद पेटी केली. वरची काया त्यांनी पत्र्याचा थर दिलेल्या प्लायवूडची बनविली आणि विमानाप्रमाणे तिला आतून आडव्या भिंती घातल्या.

एवढा खटाटोप कशासाठी? चाक खड्ड्यात आपटले म्हणजे पहिला धक्का पाट्याला बसतो. हा पाटा सांगाड्याला जेथे जखडलेला असतो, त्या वीतभर जागेतून तो धक्का साऱ्या गाडीत शिरतो. ती जागा कच्ची असेल किंवा तिच्यामागचा सांगाडा पिळवटत असेल, तर पाटा कितीही उत्तम असला तरी व्यर्थ होय. मग चालक एकीकडे वळवितो आणि गाडी दुसरीकडे ओढ घेते. म्हणून चॅपमन यांनी जेथून बल शिरते तेथे व जेथून ते वाहते त्या वाटेवर बळकटी दिली, आणि इतरत्र वजन काढून टाकले. १९४८ साली ही गाडी तयार झाली. तिला त्यांनी लोटस, म्हणजे कमळ, असे नाव दिले. या नावाचे कारण त्यांनी कधी उघड केले नाही. पण चिखलातल्या शर्यतींसाठी जन्मलेल्या गाडीला ते शोभून दिसले खरे!

याच सुमारास, १९४९ साली, आपल्या महाराष्ट्रातही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी मीरा नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला होता. साधने अपुरी असली तरी धडपडणारी माणसे सर्वच देशांत असतात.

१९५२ च्या आरंभी हेझलकडून उसने घेतलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर चॅपमन यांनी वडिलांच्या हॉटेलामागील जुन्या तबेल्यात लोटस कंपनी सुरू केली. तेथे त्यांची सहावी गाडी, मार्क सहा, आकारास आली. तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडला तर तो बोटाच्या धक्क्याने कलतो. त्यात एक तिरपी काडी घातली की तो स्थिर होतो. असे त्रिकोण साधून बनविलेल्या त्या सांगाड्याचे वजन अवघे सुमारे २५ किलो भरले. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर कर असे, सुट्या भागांवर मात्र नसे. म्हणून चॅपमन सांगाडा व इतर भाग सुटे विकीत आणि गिऱ्हाईक ते घरी नेऊन स्वतःच्या हातांनी जोडी. अशा शंभरांवर गाड्या विकल्या गेल्या. कित्येक सामान्य मिळकतीच्या तरुणांना स्वतः जोडलेल्या मोटारीतून शर्यतीत उतरता आले.

१९५७ साली त्यांनी एलिट ही अतिशय देखणी मोटार लोकांपुढे आणली. तिला वेगळा सांगाडाच नव्हता. काचेचे तंतू व राळ यांची बनविलेली काया हाच तिचा सांगाडा. अशी काया एखाद्या कवचासारखी असते. सगळीकडून पसरून आलेला भार ती आनंदाने पेलते, पण एकाच बिंदूवर ओढ बसली की तेथे फाटू पाहते. म्हणून पुढचे इंजिन व चाकांची जोडणी यांसाठी तिच्यात पोलादी चौकट बसवावी लागली. तरीही आरंभीच्या गाड्यांत जोडणीच्या जागा त्रास देत राहिल्या आणि कंपनीला या गाडीत नुकसान आले. यातून चॅपमन जे शिकले ते १९६२ च्या एलान गाडीत दिसले. तिच्या हलक्या कायेखाली त्यांनी माशाच्या मधल्या काट्यासारखा एक पोलादी कणा घातला व चाकांचे सारे धक्के त्या कण्याकडे सोपविले. ती गाडी फार नावाजली गेली.

त्याच वर्षी त्यांनी शर्यतीसाठी लोटस पंचवीस ही गाडी बनविली. तिच्या पत्र्याच्या पोकळ कवचाचे वजन आधीच्या नळ्यांच्या सांगाड्याच्या निम्मे होते, आणि ते त्याच्या तिप्पट ताठ होते. तिच्यात बसून जिम क्लार्क यांनी १९६३ साली जगज्जेतेपद मिळविले. १९६७ च्या लोटस एकोणपन्नासमध्ये तर चॅपमन यांनी इंजिनालाच सांगाड्याचा भाग केले आणि मागच्या चाकांची जोडणी त्या इंजिनावर व गिअरच्या पेटीवर टांगली. १९६३ ते १९७८ या काळात लोटसला सात वेळा जगातील सर्वश्रेष्ठ शर्यत-मोटारीचा मान मिळाला.

परंतु या वैभवाला एक काळी किनारही आहे. हलकेपणाची हाव कोठे थांबवावी, हे नेहमीच साधले असे नाही. १९६० साली बेल्जममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी दुसऱ्या एका लोटसचा सुकाणूचा दांडा तुटून माइक टेलर हे चालक जबर जखमी झाले. १९७० साली इटलीतील माँझा येथे योखेन रिंट या चालकाला लोटसमध्येच मरण आले. चॅपमन यांच्या गाड्या सर्वांहून वेगवान आहेत हे चालक जाणत. त्या मोडतात हेही जाणत, आणि तरी त्यांत बसत. अखेरच्या काळातील डिलॉरियन मोटारीच्या व्यवहारामुळे त्यांच्या नावाभोवती संशयाचे सावटही आले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराने चॅपमन यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५४ वर्षांचे होते. मार्क सहाच्या पाठोपाठ १९५७ साली त्यांनी लोटस सेव्हन ही तशीच साधी, सुट्या भागांची गाडी काढली होती. १९७३ साली तिचे हक्क केटरहॅम नावाच्या मोटार-कंपनीला विकण्यात आले. त्या गाडीचे भाग खोक्यांत भरून आजही इंग्लंडातील हौशी लोक घरी नेतात आणि सुटीच्या दिवशी घराशेजारच्या खोलीत एकेक बोल्ट आवळीत ती उभी करतात.